व्हिडिओ गेमचेही परीक्षण छापावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील नाटक, चित्रपट आणि पुस्तकांची परीक्षणे मी आवडीने वाचतो. मात्र घरातली मुले ज्यांच्यापुढे तासन्‌तास बसतात त्या व्हिडिओ गेमचे नाव वृत्तपत्रात येते ते बहुधा बंदीच्या, नाहीतर एखाद्या दुर्घटनेच्या बातमीत. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली तेव्हा रकानेच्या रकाने भरले. पण त्या खेळात नेमके काय असते, हे कोणी समजावून सांगितल्याचे मला आठवत नाही.

यंदा गणपतीत मुंबईहून आलेल्या पुतण्याने लॅपटॉपवर ‘अनरिअल टूर्नामेंट’ हा १९९९ सालचा खेळ लावला होता. पडद्यावर बंदूक आपल्याच हातात धरल्यासारखी दिसते, समोर येईल त्याला मारायचे आणि स्वतः मेलो तर पुन्हा उभे राहायचे. एकामागोमाग माणसे पडू लागली की एक घनगंभीर आवाज ‘मॉन्स्टर किल’, ‘गॉडलाइक’ अशा पदव्या देतो. भजनाच्या झांजांमधूनही तो ओटीवर ऐकू येत होता. मी खेळ बंद करायला सांगणार, तोच पुतण्या म्हणाला, “काका, आधी सुरुवात तरी बघा.”

ती सुरुवात पाहून मी अस्वस्थ झालो. अंतराळातील दूरच्या खाणींतल्या कामगारांचा हिंसाचार आवरण्यासाठी २२९१ साली सरकार बेबंद मारामारीलाच कायदेशीर मान्यता देते. लिआंद्री नावाची खाण कंपनी सरकारच्या साथीने जाहीर सामने भरवते, क्रौर्य वाढेल तशी त्यांची लोकप्रियता वाढते आणि आपल्या सगळ्या उद्योगांत हाच सर्वाधिक नफ्याचा आहे, हे कंपनीच्या लवकरच ध्यानात येते. पन्नास वर्षांनंतर, २३४१ मध्ये, खेळणारा त्या स्पर्धेत उतरतो.

मी रेडीचा. लोहखाणीच्या तांबड्या धुळीने माखून घरी परतणारी माणसे मी लहानपणापासून पाहिली आहेत. म्हणूनच मनात आले, की त्या कामगारांवर एकमेकांच्या जिवावर उठण्याची पाळी का आली, त्यांचे कामाचे तास किती, मजुरी किती, याची चौकशी करायची सोडून त्यांच्या रक्ताचाच तमाशा मांडणारे हे कसले सरकार! खेळ हे सांगतो आणि लगेच विसरायलाही लावतो, कारण पुढच्या क्षणापासून आपल्याला त्या आवाजाची पदवी हवीहवीशी वाटू लागते. हा त्याचा मोठा दोष आहे, असे माझे मत आहे. आमच्या वाडीतला एक मराठी शाळेत शिकणारा मुलगा हाच खेळ दोन वर्षे खेळतो आहे, पण ती इंग्रजी प्रस्तावना त्याने दरवेळी कळ दाबून वगळली होती.

पाहणाऱ्यामुळेच असे सामने चालतात, हे आम्हाला दूर जाऊन शिकायला नको. बैलांच्या झुंजी कायद्याने बंद असताना त्यांच्या चित्रफिती आमच्याकडे मोबाईलवरून फिरतात. अशा एका चित्रफितीत बैलाच्या मानेत शिंग घुसले असताना चित्रण करणाऱ्याचा हात जराही हलला नव्हता.

दुसरीकडे, याच प्रेक्षकाला लढाई पारखता येते. दशावतारात रात्री दोन वाजता युद्ध उभे राहिले तरी पेंगणारा माणूस सावरून बसतो, आणि सकाळी तिठ्यावर तलवारीचे हात, राजाचे संवाद, पखवाजाची साथ यांची बारकाईने चिरफाड होते. हीच पारख मुलांच्या खेळांना लावायची तर त्यांत काय आहे ते पालकांना मराठीतून कळले पाहिजे.

म्हणून विनंती आहे, की महिन्यातून एकदा तरी एका गेमचे परीक्षण छापावे. त्यात कथा काय, लढाईला काही अर्थ आहे की नाही, खेळताना पैसे मागितले जातात का आणि खेळ कोणत्या वयासाठी आहे, हे स्पष्ट असावे. वर उल्लेखलेल्या खेळाला अमेरिकेतील ईएसआरबी मंडळाने ‘मॅच्युअर’, म्हणजे सतरा वर्षे व त्यावरील वयासाठी, असे मानांकन दिले होते. वाडीतला तो मुलगा सातवीत आहे. पहिला मजकूर लिहून द्यायला माझा पुतण्या तयार आहे. शुद्धलेखन मी तपासून पाठवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षक
रेडी, ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग