शटल बदलायच्या आधी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

शिलाई मशीनच्या शिवणीचा तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. वरून शिवण ठीक, आणि कापड उलटं केलं की खाली दोऱ्याची नुसती जाळी. मेकॅनिक म्हणाला, सुईखाली फिरणारा अख्खा शटल सेट बदलावा लागेल, आणि तू लगेच होकार दिलास. त्याला फोन करून तूर्त थांबव. शटल बदलायची वेळ आलीच तर मीच सांगेन.

खाली गुंता दिसला की माणूस खालीच शोधत बसतो. खालच्या दोऱ्याची चकरी, म्हणजे बॉबिन काढतो, ती जिच्यात बसते ती केस पुसतो, केसवरचा बारका स्क्रू पिळून बघतो. पण तुझ्या फोटोत खाली जी वेटोळी आहेत, तो दोरा वरचा आहे. सुई खाली जाऊन किंचित वर यायला लागते तेव्हा तिच्या अंगाशी दोऱ्याचा छोटा फास सुटतो. शटलचं टोक तो फास पकडून बॉबिनभोवती फिरवतं, आणि मग वरखाली होणारा टेकअपचा हात जास्तीचा दोरा वर ओढून घेतो. वरच्या दोऱ्याला ताणच नसेल तर ओढलेलं पुरत नाही, फास खालीच लोंबत राहतात. टोकाशी भोक असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा आणणारं शटल, या जोडीचं पेटंट एलायस हाऊने अमेरिकेत १८४६ साली घेतलं. आपलं काळं मशीन आजही त्याच जोडीवर चालतं.

आता ताण का गेला? माझा संशय असा की कापड दाबणारा मशीनचा पाय खाली असताना तू दोरा ओवलास. तो पाय खाली असला की वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही, वरच्यावर बसतो. बघायला सगळं बरोबर दिसतं. म्हणून दोरा पूर्ण काढ, पायाचा खटका वर कर, आणि रिळापासून सुईपर्यंत नव्याने ओव. चकत्यांमध्ये दोरा दोन्ही हातांनी धरून खाली ओढून बसव. शेजारची कमानीची तार आणि टेकअपचं भोक, दोन्हींतून दोरा गेलाय ना ते बघ. मग पाय वर असताना सुईजवळ दोरा ओढ, तो सैल सरकला पाहिजे. पाय खाली करून ओढ, आता सुई जराशी वाकेल इतका तो अडला पाहिजे. तसं झालं नाही तर चकत्यांच्या मध्ये जुन्या दोऱ्याचा तुकडा किंवा कचरा अडकलाय. चिंधीची घडी आत सरकवून पूस.

एवढं झाल्यावर सुती कापडाची दुहेरी चिंधी घे. वर लाल दोरा, खाली पांढरा. एक वीतभर शीव. लाल ठिपके खालच्या बाजूला दिसले तर वरचं टेन्शन सैल आहे, बटण उजवीकडे थोडं फिरव. पांढरे ठिपके वर आले तर वरचं घट्ट आहे. दोन्हीकडे आपापलाच रंग दिसला की हात आवर. केसच्या स्क्रूला तोवर शिवायचं नाही. तुझ्या बोटांत स्क्रू ड्रायव्हर आला की काय होतं ते मला माहीत आहे. लहानपणी घरातलं एकही घड्याळ त्यातून सुटलं नाही.

केसचा ताण बरोबर आहे की नाही ते स्क्रूला हात न लावताही कळतं. भरलेली बॉबिन केसमध्ये घालून दोऱ्याचं टोक धर आणि केस लोंबकळत सोड. ती तशीच राहिली पाहिजे, आणि हाताला हलका झटका दिला की थोडीशी घसरून थांबली पाहिजे. सरसर खाली आली तर सैल, झटक्यानेही हलली नाही तर घट्ट. फिरवायचाच झाला तर पाव फेऱ्याहून कमी, आणि खाली ताटली ठेवून. तो स्क्रू फरशीवर पडला की सापडत नाही.

पूर्वा म्हणत होती की तिच्या टी-शर्टला टाके सुटतात. तिथे मशीनचा काही दोष नाही. तुमच्याकडे सोळा नंबरची साधी सुई आहे, ती चादरी-पिशव्यांना ठीक. होजिअरीला गोल टोकाची, बॉल पॉइंट सुई लागते, नाहीतर कापड सुईबरोबर खाली-वर होतं आणि फास नीट सुटत नाही. जीन्सला अठरा, रेशमी ब्लाउजला अकरा. आणि सुई बदलताना ती वर टेकेपर्यंत सारायची, मगच स्क्रू आवळायचा. सुईला एका बाजूने लांब पन्हळ असते. दोरा त्याच बाजूने ओवायचा. सुई उलटी बसली तर टाकाच पडत नाही, आणि लोक मेकॅनिकला बोलावतात. काही सुचत नसेल तेव्हा पहिल्यांदा सुई बदल. टोक बोथट झालेलं डोळ्याला दिसत नाही, पण कापडातून जाताना टक्‌ टक्‌ असा आवाज येतो.

दोरा सारखा तुटत असेल तर मात्र आधी दोऱ्याकडे बघ. मी दिलेल्या डब्यातली जुनी सुती रिळं शिवायला वापरू नकोस, ती हाताने झटका दिला तरी तुटतात. दोरा चांगला असून तुटत असेल तर प्लेटवरच्या भोकाच्या कडेवरून नख फिरव. कधी सुई तिथे आपटून मोडली असेल तर कडेला ओरखडा पडतो आणि तो दोरा कापतो. झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासला की काम होतं. तसंच नख शटलच्या टोकावरूनही फिरव. तिथे खरखर लागली किंवा टोक मोडलेलं दिसलं, तर मेकॅनिकचं म्हणणं खरं, खुशाल बदल.

चाक फिरतं आणि सुई हलत नाही, असं एकदा होणार आहे. बॉबिन भरताना चाकाच्या मधला गोल स्क्रू सैल करतो, तो नंतर आवळायचा राहतो. आवळूनही पकडत नसेल तर स्क्रू काढून आतला कानांचा वॉशर अर्धा फेरा फिरवून बसव. आणि चाक नेहमी आपल्याकडे फिरवायचं. उलटं फिरलं की दोरा शटलमागे जाऊन अडकतो आणि मशीन जाम होतं. अशा वेळी पेडलवर जोर करू नकोस. केस काढ, शटल धरून ठेवणारी पट्टी मोकळी कर, फोनवर फोटो काढून मगच शटल बाहेर घे, आणि चिमट्याने दोरा ओढ. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या खाली दाबून बसलेला पोपटाच्या पिसाएवढा कापसाचा थर निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस. कापड पुढे सरकत नसेल तर कारण बहुतेक तेच.

तेल मशीनचंच. खोबरेल थंडीत थिजतं आणि आतमध्ये चिकट होऊन बसतं. आपलं मशीन मध्ये बराच काळ पडून होतं, तेव्हा जड चालत असेल तर आधी प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-तीन थेंब टाक, चाक हाताने मागेपुढे कर, काळं पाणी चिंधीने टिप. यासाठी मात्र केस आणि दोरा काढून ठेव, आणि खिडकी उघडी, गॅस बंद. मग मशीनचं तेल, एका भोकात एक थेंब, शटलच्या घरात एक. नंतर चिंधीवर बिनदोऱ्याचं चालव, म्हणजे नवीन कापडाला डाग पडणार नाही. मोटर बसवली असलीस तर तिच्यात तेल घालायचं नाही, आणि सुईला हात लावण्याआधी प्लग काढायचा.

पट्टा चामड्याचाच आहे अजून. पावसाळ्यात तो सैल पडतो आणि चाक पायाखाली घसरतं. टोक अगदी थोडं कापून नवीन भोक पाड आणि क्लिप पक्कडीने दाबून बसव. जास्त कापलास तर पेडल जड होईल.

पडद्याच्या शिवणीला चुण्या पडतात म्हणालास, ते पॉलिस्टरच्या दोऱ्यामुळे असेल. बॉबिन सुसाट भरली की तो दोरा ताणला जातो, आणि शिवल्यावर आपल्या लांबीवर येताना कापड गोळा करतो. सावकाश भर, टेन्शन जरा सैल ठेव, आणि कापड मागून ओढू नकोस.

रविवारी दोन रंगांची चिंधी दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठव.

तुझी,
आई

ता. क. झिपचा पाय मला सापडला. परवा मामा येतोय, त्याच्याबरोबर देते. नवीन विकत घेऊ नकोस.