आधी कळ, मग कावीळ, मग केमो

लीड्स,
रविवार

ती. दादा व सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे, इकडची काळजी करू नका. आबांच्या रिपोर्टचे फोटो तीनदा वाचले. गाठ स्वादुपिंडाची आणि यकृतावर डाग, म्हणजे कॅन्सरची चौथी स्टेज. काढून टाकायचं ऑपरेशन यात होत नाही. काल तू म्हणालास, "तिकडं बसून केमो नको म्हणायला काय जातंय?" दादा, केमो नको असं मी म्हटलेलंच नाही. क्रम चुकतोय एवढंच म्हटलं. फोनवर ते भांडणासारखं वाटतं, म्हणून लिहून पाठवते.

पहिली कळ. मिरजेच्या डॉक्टरांना मॉर्फिनबद्दल सरळ विचार. साध्या मेडिकलात ते मिळत नाही, परवाना असलेल्या दवाखान्यातून चिठ्ठीवर मिळतं. या वयात सुरुवात बहुधा 2.5 ते 5 मिलिग्रॅमने, दर 4 तासांनी करतात. गोळी 10 ची असते, म्हणून अर्धी की पाव ते लिहूनच घे. कळ उठायची वाट बघायची नाही, घड्याळ बघून द्यायची. मधेच कळ आली तर जादा डोस दिवसाच्या एकूण मात्रेचा साधारण सहावा भाग असतो. दिवसाला 30 मिलिग्रॅम चालू असतील तर 5 मिलिग्रॅम. मळमळ आणि गुंगी चार-पाच दिवसांत उतरते, बद्धकोष्ठ मात्र उतरत नाही. त्यामुळे पहिल्या रात्रीपासून पोट साफ व्हायची गोळी सोबत पाहिजे. इसबगोल देऊ नका. आबा पाणी घोटभर पितात, ते आत घट्ट बसेल. हाक मारून जागे होईनात, श्वास फार संथ झाला किंवा लघवी एकदम कमी झाली, तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. किडनी मंदावली की मॉर्फिन अंगात साचतं. गोळ्या मोजून कपाटात कुलपात ठेवा, पोरांच्या हाताला नकोत. आणि सवय लागेल ही भीती सोड. कळ असलेल्या माणसाला नीट मात्रेत दिलेलं औषध म्हणजे व्यसन नव्हे.

मग कावीळ. गाठीनं पित्तनळी दाबली आहे, अंगाची खाज त्यामुळंच. दुर्बिणीतून स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी टाकतात. प्लास्टिकचा स्वस्त, पण साधारण तीन महिन्यांत तुंबतो. धातूचा महाग, पण बराच जास्त टिकतो. इथं पैसे वाचवू नकोस. नंतर कधीही हुडहुडी भरून ताप आला तर त्याच दिवशी मिरज गाठायची, क्रोसिनवर रात्र काढायची नाही. रक्तातला सीए 19-9 चा, म्हणजे या कॅन्सरच्या खुणेचा आकडा बघून घाबरलास, पण तो नुसत्या काविळीनंही चढतो.

बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा, खाली आल्यावर मग केमोचं बघायचं. तेव्हा एकच गोष्ट बघ: दिवसाउजेडी आबा अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात असतात का? असतील तर केमोचा त्रास जास्त आणि फायदा कमी. उठून ओसरीपर्यंत येत असतील तर एका औषधाची सौम्य केमो, आठवड्याला एक सलाईन, तीन आठवडे देऊन एक आठवडा सुट्टी, हे विचारण्यासारखं आहे. रोग जाणार नाही, मिळाले तर काही आठवडे, काही महिने. केमो चालू असताना ताप 100.4 च्या वर गेला की थेट दवाखाना, रात्री दोन वाजले तरी.

वहिनी, त्यांचं वजन उतरतंय ते तुमच्या भाकरीमुळं नव्हे. स्वादुपिंडाचा पाचकरस पोटात पोचत नाही, म्हणून शौचाला तेलकट, तरंगतं होतं. त्याच्या एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात. पहिल्या घासाबरोबर द्यायच्या, जेवण लांबलं तर मधे आणखी एक. जेवणानंतर दिली की वाया गेली. हळदीच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आपल्या सांगलीत हळदीवर शंका घेणं म्हणजे पाप, पण भाजीतली हळद वेगळी आणि ग्रॅमावारी गिळलेली वेगळी.

इकडची एक तऱ्हा सांगते, हसू नका. इथली म्हातारी माणसं फ्रिजच्या दारात, लोण्याशेजारी, एक प्लास्टिकची बाटली ठेवतात. लायन्स क्लबवाले ती फुकट देतात. आत औषध नसतं, कागद असतो: आजार कोणता, गोळ्या कोणत्या, कशाची ॲलर्जी, कुणाला फोन करायचा. बाहेरच्या दाराच्या आतल्या बाजूला आणि फ्रिजवर हिरवा स्टिकर. ॲम्ब्युलन्सवाले आत आले की स्टिकर बघून थेट फ्रिज उघडतात. फ्रिजच का, तर तो प्रत्येक घरात असतो, लगेच सापडतो आणि एरवीचे कागद हरवतात. मला पहिल्यांदा वाटलं, लोणच्याची बरणी! आपण बाटली नको, पण तसा कागद करून टीव्हीजवळ लावा. घरात तू नसलास तर वहिनींनी काय सांगायचं?

आबांना अजून "गाठ आली आहे" एवढंच ठाऊक आहे. सगळं एकदम सांगू नकोस. एवढंच विचार, "आबा, डॉक्टर काय म्हणतात ते तुम्हाला ऐकायचं आहे का, की मी ऐकून घेऊ?" त्यांचं उत्तर येईपर्यंत गप्प बस. हे तुला जड जाईल, ठाऊक आहे.

आता पैसे. वहिनींच्या खात्यावर 80 हजार टाकलेत. द्राक्षाचं अर्धं रान विकून इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध) करायची म्हणतोस, थांब. या कॅन्सरमध्ये ती शंभरात एखाद्यालाच लागू पडते. आधी गाठीच्या काढलेल्या तुकड्यावर एमएसआय तपासणी (हे औषध लागू पडेल का ते सांगणारी) करून घे, मगच त्या औषधाचं नाव काढ. छाटणी नेहमीसारखी होऊ दे. आबा 70 च्या पुढचे आहेत, वय वंदना कार्ड काढ, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात. दवाखाना योजनेत आहे का ते भरती व्हायच्या आधी विचार.

छकुलीचं लग्न आबांसाठी अलीकडं घ्यायचं म्हणता, माझी हरकत नाही. मुलाकडचे मानतील. मला रजा दोनच आठवड्यांची मिळतेय. स्टेंटच्या वेळी येऊ की लग्नाला, दोन्हीला जमणार नाही. ते आबांनाच विचार. तिकिटाला पैसे कशाला घालवतेस, असंच म्हणतील. तरी विचार.

तुझी,
धाकटी बहीण