दुकानातल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कोणी बदलला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सोलापुरात सीसीटीव्ही बसवण्याचं काम करतो. दिवाळीच्या तोंडावर चाटी गल्लीतल्या एका टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्यांची वेबसाइट बंद पडली. कुणीतरी तिच्यावर साइट उघडण्याच्या खोट्या विनंत्यांचा मारा केला होता. साइट चालवणाऱ्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, खरं गिऱ्हाईक आणि खोटं गिऱ्हाईक चटकन ओळखता येत नाही. तो सगळ्यांनाच उत्तर द्यायला जातो आणि कोलमडतो. शेवटी ज्यांच्या सर्व्हरवर ही साइट होती त्या होस्टिंगवाल्यांनी बाकीच्यांच्या साइट वाचवायला यांचीच साइट उतरवली. काहींचे पैसे खात्यातून गेले, पण ऑर्डरची नोंदच नाही. ‘तुम्ही फसवलंत’ म्हणून पुण्या-नागपूरहून फोन. मालकांची सून वही घेऊन एकेकाचा नंबर उतरवत, समजूत घालत बसली होती. काही चोरीला गेलं नाही म्हणून त्यांनी तक्रारही केली नाही. वास्तविक माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हा मारा एका संगणकावरून होत नाही. जगभरातली हजारो उपकरणं मालकाच्या नकळत त्याला जुंपली जातात, आणि त्यांत आमच्या धंद्यातला मालही असतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रॅमने इंटरनेटवरचे कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारे डबे) आणि राउटर शोधून त्यांवर कंपनीने दिलेले साठेक ठरावीक पासवर्ड लावून पाहिले. ज्यांचे बदललेले नव्हते, ते ताब्यात गेले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या माऱ्याने ‘डाइन’ ही साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी कंपनी लटपटली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येकांना उघडेनात. मिराई लिहिणारे तिघं जेमतेम विशीतले होते. पुढच्या वर्षी अमेरिकेत त्यांनी गुन्हा कबूल केला.

आता आपल्याकडे बघा. डीव्हीआर कपाटावर, वर कारखान्यातल्या सुताची धूळ, आणि डब्यावर मार्करने लिहिलेलं ‘अ‍ॅडमिन, १२३४५६’. मालकाला मोबाइलवर दुकान दिसावं म्हणून राउटरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, कायमचा उघडा. डीव्हीआर दुसऱ्याच्या ताब्यात गेला तरी चित्र दिसतच राहतं, त्यामुळे संशय येत नाही. फार तर ‘नेट हळू चालतंय’ म्हणून मालक नेटवाल्याला फोन करतो. पूर्व भागात, एमआयडीसीत, अगदी दवाखान्यांतही मी हेच पाहतो आणि जीव तुटतो. चार पैसे वाचवायला अपडेट न मिळणारा स्वस्त माल लावायचा, बिल फाडायचं आणि निघून जायचं, ही आमच्या धंद्यातली रीत मला मान्य नाही.

९ एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. पण भिंतींवर आधीच लागलेल्या कॅमेऱ्यांचं काय? पोलीस आणि महापालिका दुकानदारांना कॅमेरे लावायला सांगतात. त्याच वेळी त्यांनी हेही सांगावं की, काम ताब्यात घेताना मालकाने स्वतःच्या हाताने पासवर्ड बदलावा, तो बसवणाऱ्याला सांगू नये आणि फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केल्याची नोंद बिलावर लिहून घ्यावी. व्यापारी संघटनांनी बैठक बोलावली तर जुने डीव्हीआर तपासून द्यायला मी आणि माझे दोन सहकारी विनामूल्य यायला तयार आहोत.

आपला,
एक सीसीटीव्ही तंत्रज्ञ, सोलापूर