बंदुका मोजा, बॅगाही मोजा

महोदय,

भाडोत्री सैनिकांवरच्या युद्धपटांची सध्या चलती आहे. त्यांतल्या गोळ्यांचा हिशेब कोणीतरी एकदा करायला हवा. कलाश्निकोव्ह (एके-४७) रायफलच्या नेहमीच्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या बसतात आणि झाडण्याचा वेग मिनिटाला साधारण ६००. ट्रिगर दाबून धरला की तीन सेकंदांत मॅगझिन रिकामे. पडद्यावरचा नायक मात्र त्याच मॅगझिनवर अख्खी इमारत साफ करतो. हातबॉम्बची पिन दाताने उपटणे हीसुद्धा थापच. पिनेची टोके वाकवलेली असतात, दातच हलायचा. आणि तो नारिंगी आगीचा लोळ पेट्रोलचा. खरा हातबॉम्ब फुटला की दिसतो धूर, उडते धूळ, आणि माणूस मरतो तो तुकड्यांनी.

असो, करमणूक म्हणून एवढे चालते. खटकते ते हे की सामान कसे न्यायचे, हा या धंद्यातला सर्वांत अवघड प्रश्न पटकथेत येतच नाही. दस्ता दुमडला तरी ही कलाश्निकोव्ह सुमारे ६५ सेंटिमीटर उरते, रिकामी असतानाही तीन किलोच्या वर भरते. 'द वाइल्ड गीस' (१९७८) या चित्रपटाचा लष्करी सल्लागार माइक होअर हा काँगोत खरोखरची भाडोत्री तुकडी चालवलेला माणूस. तोही इथेच फसला. नोव्हेंबर १९८१मध्ये सेशेल्सचे सरकार उलथवायला त्याने चाळीसहून अधिक माणसे बिअरप्रेमींच्या क्लबची सहल म्हणून तिथल्या माहे विमानतळावर उतरवली. बॅगांना चोरतळ, तळाशी रायफली, वर खेळणी. कस्टम्सला एका बॅगेत रायफल सापडली, विमानतळावरच गोळीबार सुरू झाला आणि बेत तिथेच बारगळला. मग त्यांनी तेथे उतरलेले, मुंबईला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७०७ ताब्यात घेऊन दक्षिण आफ्रिकेत डर्बनला नेले. आपल्याच शहराकडे येणाऱ्या विमानाची ही हकीकत अंधेरीतल्या एकाही पटकथाकाराला खुणावू नये, याचे नवल वाटते.

आणखी एक. पकडला गेल्यावर 'मी युद्धकैदी आहे' असे ठणकावणारा नायक कायद्याने चूक ठरतो. जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या पूरक करारातील कलम ४७ भाडोत्री सैनिकाला युद्धकैद्याच्या दर्जाचा हक्क नाकारते. होअरवरही खटला चालला तो विमान अपहरणाचा, आणि शिक्षा झाली दहा वर्षांची.

— एक वाचक, दादर, मुंबई