रामकुंडावरचं ते बोलणं

नाशिक, ८ नोव्हेंबर २०२५

प्रिय विन्या,

वर्ष उलटलं, तुला एक ओळ नाही. फोनवर बोलायचं धाडस होईना, म्हणून लिहितोय. माझी तब्येत बरी, नानांची शुगर गोळ्यांवर.

व्हिसा आला. जर्मनीत श्टुटगार्टजवळची कंपनी, काम तेच टूल डिझाइनचं, सातपूरला चौदा वर्षं केलं तेच. पगार वर्षाला ४६,००० युरो. ब्लू कार्डाची, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांसाठीच्या तिथल्या कामाच्या परवान्याची, यंदाची पगाराची अट ४८,३०० ची, पण इंजिनिअर टंचाईच्या यादीत, त्यामुळे ४३,७५९ युरो ८० सेंटवर भागलं. कायम राहण्याचा परवाना तुझ्या वेळी तेहतीस महिन्यांनी मिळायचा, आता सत्तावीस; बी-वन पातळीचं जर्मन येत असेल तर तेव्हाही आणि आताही एकवीसच. तुझं ते जर्मन! सीबीएस स्टँडजवळ मिसळवाल्याला 'थँक यू'ऐवजी 'डांके' म्हणायचास आणि तो जास्तीचा पाव आणून ठेवायचा.

पण लिहायचंय ते वेगळंच. परवा रात्री नानांसाठी नियम वाचत बसलो होतो. १ मार्च २०२४ ला किंवा त्यानंतर ज्याला पहिल्यांदा ब्लू कार्ड मिळालं, त्याला आईवडील नेता येतात, बायकोचेसुद्धा. त्याआधीच्यांना ही सवलत नाही. त्यांच्यासाठी जुनीच अट, अगदी असाधारण हलाखी सिद्ध करा. तुझं कार्ड २०१८ चं. मी मोबाइल उपडा ठेवला आणि अंगणात जाऊन बसलो.

काकूंचा दहावा उरकून रामकुंडावरून निघताना मी काय बोललो, ते तू विसरला नसशील. "मनात असतं तर नेलं असतंस आईला." मुंडण केलेला तू, ओलं धोतर हातात. वकिलाने काय सांगितलं ते तू सांगत होतास, की म्हातारपण आणि एकटेपणा एवढ्याने ती हलाखी ठरत नाही. मी त्याला सबबी म्हटलं. कायदा मला ठाऊक नव्हता आणि तुला विचारावं असंही वाटलं नाही. चुकलो रे. फार चुकलो.

आता मला रस्ता मोकळा आहे, तर नाना यायला तयार नाहीत. शिवाय खर्चाची आणि आरोग्यविम्याची सोय दाखवल्याशिवाय परवाना नाही. पंचावन्न ओलांडून नव्याने आलेल्याला तिथल्या सरकारी विम्यात घेणं जवळपास अशक्यच, आणि खासगीवाले आधी आजार विचारतात. नाना एकाहत्तर, दोन स्टेंट. हप्ता किती बसेल? तुमच्याकडे कुणी आईवडील आणलेत का, जरा विचारशील? नानांचं एकच, "पिंपळगावच्या द्राक्षबागेत घडांचं डिपिंग कोण करणार, तुझा जर्मन साहेब?" मी त्यांना एकटं टाकून जातोय, हे मला रात्री झोपू देत नाही. तुझ्या तेव्हाच्या रात्री कशा गेल्या असतील, ते आता कळतंय.

काल नानांनी माझा पासपोर्ट मागून घेतला, चष्मा पुसून तो व्हिसा बराच वेळ पाहिला. म्हणाले, "विन्याच्या आईला असाच कागद मिळाला असता का रे?"

म्हटलं, "त्याच्यासाठी तो कागदच नव्हता, नाना."

ते काही बोलले नाहीत. पाण्याची मोटार बंद करायला गेले.

चिऊ दुसरीत गेली ना? वहिनींना नमस्कार सांग. जानेवारीत येतोय. कोंडाजीचा चिवडा किती आणू ते लिही, आणि विम्याचं नक्की विचार.

तुझा,
संज्या