प्रवेश मिळाला, धीराचे काय?

महोदय,

बारावीच्या निकालानंतर प्रवेश याद्यांची चर्चा भरपूर होते. मात्र प्रवेश मिळालेल्यांच्या मनातल्या धास्तीची दखल क्वचितच घेतली जाते. १९९० साली जळगावला विद्यापीठ झाल्याने खान्देशाचा पुण्याचा फेरा वाचला खरा, पण यावल-चोपड्याकडच्या खेड्यातून घरातली पहिलीच म्हणून महाविद्यालयात येणारी मुलगी अर्जातील ‘मेजर’ (मुख्य विषय), ‘मायनर’ (दुय्यम विषय), ‘क्रेडिट’ (श्रेयांक) हे रकाने पाहून आजही गोंधळते, आणि केळीच्या बागेतून थेट आलेले वडील तिच्याइतकेच अनभिज्ञ असतात. पुढे विज्ञानाचे तास इंग्रजीतून सुरू झाले की आपलीच तयारी कच्ची, असे तिला वाटू लागते. वास्तविक शेजारच्या बाकावरचाही तितकाच घाबरलेला असतो, फक्त बोलत नाही.

महाविद्यालयांनी पहिला आठवडा सत्कार-भाषणांत (ती कोणाच्या लक्षात राहतात?) न घालवता, त्याच तालुक्यातील दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी नवागतांची गाठ घालून द्यावी. ग्रंथालय, एसटीचा पास, प्रात्यक्षिकाची वही या गोष्टी त्यांच्याकडूनच नीट कळतात. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तर अनेकांचा धीर सुटतो. त्यासाठी कार्यालयाच्या खिडकीशेजारीच मदत कक्ष उघडावा.

— एक वाचक, चोपडा (जि. जळगाव)