पोटरीची गोष्ट

प्रिय बुटके,

आठ महिने पत्र नाही, आणि फोनवर नुसतं ‘नंतर बोलू गं’. काय शिव्या द्यायच्या त्या दे. गुडघा आहे तसाच, बीपीची गोळी चालू. झालं तब्येतीचं.

चिमीने घोळ घातलाय. म्हणजे जिंकलीय. रविवारच्या सायकलच्या रोड रेसमध्ये तिला काम ठरवून दिलेलं: टीमने जिला जिंकवायचं ठरवलंय त्या लीडरपुढे राहून वारा खायचा, म्हणजे आडोशाला तिचा दम वाचतो, बाटल्या पोचवायच्या, शेवटच्या चढापाशी तिला ताजीतवानी सोडायची. ही बया पहिल्याच चढावर सुटली. वळून पाहिलं तर मागे कुणी नाही, म्हणून मारत राहिली ती थेट शेवटच्या रेषेपर्यंत. आता ती लीडर पोरगी बोलत नाही. एकच वाक्य म्हणाली, ‘तू पुढे होतीस म्हणून मी पाठलाग केला नाही, नाहीतर कधीच धरलं असतं.’

वाक्य ओळखीचं आहे ना? शब्द न् शब्द माझं आहे गं.

चिमी पार खचलीय. पुढच्या रेसमधली आपली जागा सोडते म्हणते. दिवसभर ती 2021ची पारी-रूबे लावून बसते, फ्रान्समधली ती दगडी रस्त्यांवरची सायकल रेस, बायकांची पहिलीवहिली. पुरुषांची 1896पासून चाललीय, आणि बायकांना त्या दगडांवर सोडलं 2 ऑक्टोबर 2021ला. एकूण 116 किलोमीटर, त्यातले 29 ओबडधोबड दगडी रस्त्याचे, शिवाय चिखल. जिंकली ती लिझी डेग्नन, आणि टीमच्या बेतात ती लीडर नव्हतीच! लीडर एलेन व्हान डाइक आणि एलिसा लोंगो बोर्गिनी. हिने फक्त पहिल्या दगडी पट्ट्यावर पुढे राहायचं होतं, म्हणजे मागच्यांना अडचण आली तर मदतीला. ती पुढे गेली ती गेलीच, शेवटचे ऐंशी-ब्याऐंशी किलोमीटर एकटी. टीव्हीवर प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा बाई कधीच निघून गेलेली. सुटण्याचा क्षणच कुणाला दिसला नाही!

हातात मोजे नव्हते तिच्या. दगडांच्या हादऱ्यांनी तळवे सोलले, हँडलच्या पट्टीवर रक्ताचे डाग. चिमी तिथेच थांबवते आणि आपले तळवे बघत बसते. बक्षीस 1,535 युरो, पुरुषांच्या विजेत्याला 30,000. फरक म्हणे तिच्या टीमने भरून दिला. आपलं बरं होतं, बक्षिसावरून भांडावं इतकं बक्षीसच नव्हतं.

मी चिमीला म्हटलं, ‘अगं, हिच्या लीडरला राग आला का? लोंगो बोर्गिनी तिसरी आली. आपली बाई पुढे असली की मागच्यांना ओढत न्यायची जबाबदारी दुसऱ्यांची. दुसऱ्या टीमच्या मारिआन व्होसला मागून एकटीलाच सुटावं लागलं, तरी सव्वा मिनिट कमी पडलं.’ तर कार्टी म्हणते, ‘तू नको सांगू. तू लीडर होतीस. मावशीने तुझं काय केलं ते तूच सांगितलंयस.’

सांगितलंय खरं. किती वर्षं, किती जणांना.

आता ऐक, आणि मधे बोलू नकोस. त्या दिवशी तू सुटलीस तेव्हा माझी उजवी पोटरी लाकूड झाली होती. पेडल खाली जाताना पाय आपोआप सरळ व्हायचा आणि परत वाकायलाच तयार नाही. मी वाकून टाचेशी बोटं घातली, बुटाची नाडी बघतेय असं दाखवलं. बाजूच्या दोघी ओरडत होत्या, ‘ओढ की गं!’ मी आपली थाटात, ‘माझ्याच टीमची मुलगी पुढे आहे, मी कशाला ओढू?’ किती शहाणं उत्तर! नियमाप्रमाणे चोख. सरांनाही तेच सांगितलं, तुलाही तेच. आणि तू रडत येऊन पदक माझ्या टेबलावर ठेवून गेलीस. मी ठेवून घेतलं.

(तशी मूळ चूक सरांची. तुझ्यामागे लपून उंटिणीला वारा कसा चुकणार? माझे खांदे उघडेच राहायचे. हे मी अजूनही मागे घेत नाही.)

त्या पोरीचीही पोटरीच असेल असं नाही. खरंच थांबली असेल बिचारी. पण चिमी त्या एका वाक्यापायी जागा सोडतेय, आणि ते वाक्य खोटंही असू शकतं हे तिला सांगायचं, तर माझं सगळं सांगावं लागतं. रोज रात्री ठरवते, सकाळी चहा गाळताना तोंड उघडते आणि ‘साखर संपली’ म्हणते.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? धाकट्याचं लग्न ठरल्याचं उडत उडत कळलं. छानच झालं, सून काय करते ते कळव. जागेच्या भानगडीचं पुढे काय?

रविवारच्या आत चिमीला फोन कर. पोटरीसकट सगळं सांग, माझं नाव घेऊन सांग. मी आतल्या खोलीत जाऊन बसेन.

तुझी,
उंटीण

ता. क. पदक सोबत पाठवतेय. फीत कुरतडलीय ती उंदरांनी, ते माझ्यावर घालू नकोस.